कुंपण आणि शेत

कुंपणानेंच शेत खाल्लें, ही म्हण आपल्या खेड्यांतील लहान मुलासही पाठ आहे. ती उच्चारतांना आपण बहुधा एक उसासा टाकतों आणि आपल्या कामास लागतों. राज्यकारभार म्हटला कीं खाणें आलेंच, प्रामाणिक मनुष्य तेथें टिकावयाचा नाहीं, असा आपला ग्रह होऊन बसला आहे. तो कितपत खरा आहे हें पाहण्यासाठीं आम्ही आज वाचकांपुढें एक उदाहरण ठेवितों. तें गोंदिया व गडचिरोली ह्या जिल्ह्यांच्या पूर्वेस लागून असलेल्या छत्तीसगड राज्यांतील आहे.

२००४ पूर्वीं तेथें सरकारी धान्याचीं पुष्कळ दुकानें खाजगी परवानेदारांकडे होतीं. दुकान पुष्कळदां गांवापासून दूर असे, महिन्यांतून थोडेच दिवस उघडे, आणि गरिबाच्या नांवाचा तांदूळ परस्पर बाजारांत जाई. २००४-०५ सालीं गोदामांतून निघालेल्या धान्यापैकीं सुमारें निम्मे लोकांच्या घरीं पोंचत नव्हतें, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

दुकानदार चोर होता, असें म्हणून हा प्रश्न मिटविणें सोपें आहे. परंतु थोडा हिशेब करून पाहूं. त्यास क्विंटलमागें आठ रुपये कमिशन मिळे. समजा, दुकानावर तीनशें शिधापत्रिका आहेत व प्रत्येकीस ३५ किलो तांदूळ; म्हणजे महिन्याचे १०५ क्विंटल झाले आणि मिळकत ८४० रुपये. एवढ्यांत दुकानाचें भाडें, हमाली, तूट आणि संसार! जेथें चोरी केल्यावांचून पोट भरत नाहीं अशा जागेवर मनुष्यास बसवावयाचें व मग त्यास उपदेश करावयाचा, ह्यांत पाप कोणाचें अधिक? आमच्या मतें दुकानदार निर्दोष ठरत नाहीं. आठ रुपये स्वीकारतांना उरलेलें कोठून काढावयाचें हें त्यास पुरतें ठाऊक होतें. तथापि ज्यांनीं तो दर ठरविला व वर्षानुवर्षें तसाच राहूं दिला, ते स्वच्छ हातांनीं घरीं गेले असेंही आम्हांस म्हणवत नाहीं. स्वतः लांच न घेणें एवढाच पुढाऱ्याचा प्रामाणिकपणा, ही समजूत येथें अपुरी पडते.

२००४ सालीं डॉ. रमणसिंह ह्यांच्या सरकारनें हुकूम काढून हीं दुकानें खाजगी परवानेदारांकडून घेतलीं व ग्रामपंचायती, स्त्रियांचे बचतगट, सहकारी संस्था इत्यादिकांच्या स्वाधीन केलीं. दुकानदार न्यायालयांत गेले. व्यापाऱ्यांचें वजन काय असतें हें प्रत्येक पक्षास ठाऊक आहे. तरी सरकार मागें हटलें नाहीं. पुढें कमिशन आठाचें तीस रुपये झालें; आमच्या हिशेबांतील दुकानास त्याचे ३,१५० रुपये होतात. धान्य थेट दुकानाच्या दारापर्यंत नेण्याची व्यवस्था झाली, आणि त्या गाड्यांस पिवळा रंग दिला, कीं रस्त्यावरच्या गुराख्यासही ती गाडी कशाची आहे हें कळावें. हा पिवळा रंग आम्हांस एखाद्या कायद्याइतकाच मोलाचा वाटतो. दानाची थैली दोघांनीं मिळून मोजावी, ही चाल आपणांस परिचयाची आहे. मोजणारावर अविश्वास म्हणून नव्हे, तर त्याच्याकडे कोणी बोट दाखवूं नये म्हणून ती आहे.

२००७ सालीं गरीब कुटुंबांस तीन रुपये किलोनें ३५ किलो तांदूळ मिळूं लागला. २००८ च्या निवडणुकींत सत्तारूढ पक्षास ९० पैकीं ५० जागा मिळाल्या, आणि लोक मुख्यमंत्र्यांस ‘चाउरवाले बाबा’ म्हणूं लागले. ह्यावर कोणी म्हणेल कीं, ही तर तांदूळ देऊन मतें घेण्याची युक्ति झाली. ह्यांत नीतीचा विजय कोठें आहे? आक्षेप खोटा नाहीं. परंतु स्वस्त धान्याचीं वचनें पूर्वींही पुष्कळांनीं दिलीं होतीं. ह्या वेळीं तें घरांत शिजलें, हा भेद होता. २००९-१० सालीं गळती सुमारें एकदशांशावर आली होती, असें तेच अभ्यासक सांगतात.

कथा येथें संपली असती तर आम्हांस बरें वाटलें असतें. २०१५ च्या फेब्रुवारींत त्याच राज्याच्या नागरिक पुरवठा निगमावर लांचलुचपतविरोधी खात्यानें छापे घातले. हलका तांदूळ पैसे घेऊन स्वीकारला जात होता, असा आरोप झाला व प्रकरण न्यायालयांत गेलें. सरकार तेंच, खातें तेंच, मुख्यमंत्रीही तेच! आरोपांचा निवाडा करणें आमचें काम नव्हे. परंतु गांवच्या दुकानावर शंभर डोळे होते. राजधानींतील कचेरींत कोणती वही उघडी आहे व कोणती मिटलेली, हें पाहण्यास गांवचा मनुष्य कसा जाणार? २०१८ च्या निवडणुकींत त्या पक्षास केवळ १५ जागा मिळाल्या. ह्या पराभवाचीं कारणें अनेक असतील, व सर्व दोष तांदळावर घालणें योग्य होणार नाहीं. परंतु एकदां मिळविलेला विश्वास जन्मभर पुरत नाहीं, हें मात्र दिसलें.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानें राज्यापासून तों प्रत्येक शिधादुकानापर्यंत दक्षता समित्या नेमावयास सांगितलें आहे, आणि दुकानाचें दप्तर लोकांस पाहण्यास खुलें ठेविलें आहे. आपल्या दुकानाच्या समितींत कोण कोण आहेत आणि त्यांची मागची सभा कोणत्या महिन्यांत भरली, हें वाचकांनीं ह्या आठवड्यांत धान्य आणावयास जातांना विचारून पाहावें. ज्यांस वाचतां येतें त्यांनीं दप्तरांतील नांवें शेजाऱ्यांस मोठ्यानें वाचून दाखवावीं.