मूर्ती, उपासक आणि अभ्यासक

ज्या मूर्तीपुढे एक मनुष्य हात जोडून उभा राहतो, त्याच मूर्तीचे माप घेऊन, तिचा काळ ठरवून आणि तिच्याविषयी व्याख्याने देऊन दुसऱ्याने आपला चरितार्थ चालवावा, हे धर्मदृष्ट्या कितपत उचित आहे, असा प्रश्न कलेतिहासाच्या वाटेला लागलेल्या विचारी तरुणाला केव्हातरी पडतो. पडत नसेल, तर पडावयास हवा. वडीलधारी मंडळी त्याला पगार किती, नोकरी कायमची आहे काय, एवढेच विचारतात. त्या चौकशीत गैर काही नाही. परंतु महाविद्यालयातील अध्यापन, संग्रहालयातील नेमणूक, पुरातत्त्व खात्यातील हुद्दा, शाळेतील चित्रकलाशिक्षकाची जागा, एवढ्यावर तिचे उत्तर संपते. अधिकाराचा प्रश्न मात्र सबंध कारकीर्दभर पुरतो.

आनंद कुमारस्वामी यांनी हा प्रश्न जन्मभर वागवला. १८७७ साली कोलंबोस जन्मलेले हे गृहस्थ मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. सिलोनच्या खनिज-सर्वेक्षणाचे प्रमुख म्हणून मुलूखभर फिरताना खेड्यांतील कारागिरांच्या विद्येला लागलेली उतरती कळा त्यांनी पाहिली, आणि खनिजांचा अभ्यास बाजूस सारून ते कलेकडे वळले. १९१७ पासून १९४७ साली देहावसान होईपर्यंत ते बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात होते. मूर्ती उपासनेसाठी घडते, प्रदर्शनासाठी नव्हे, आणि तिला तिच्या कार्यापासून तोडून केवळ नेत्रसुखाची वस्तू मानणे म्हणजे तिला न समजणे होय, हे त्यांनी आग्रहाने मांडले. ज्याचे वेतन संग्रहालयाच्या खजिन्यातून येते त्याने असे म्हणावे, यात काहींना विसंगती दिसते. मला ती दिसत नाही. स्थानभ्रष्ट मूर्ती परमुलखातील दालनात येऊन पडलीच आहे, तर तिचे घर कोणते आणि तिच्यापुढे कोणते विधी होत असत, हे सांगणारा जाणता तेथे कोणीच नसावा, ही तिची अधिक मोठी विटंबना आहे.

या प्रश्नाचे सर्वांत गंभीर उत्तर मला घारापुरीच्या मुख्य लेण्यात मिळते. उत्तरेच्या दाराने आत शिरणाऱ्यास समोर, दक्षिणेच्या भिंतीत, सुमारे वीस फूट उंचीची सदाशिवाची मूर्ती दिसते: मध्यभागी अंतर्मुख तत्पुरुष, पाहणाऱ्याच्या डावीकडे उग्र अघोर, उजवीकडे कोमल वामदेव. पण पूर्वेच्या अंगाने येणाऱ्याची दृष्टी स्तंभांच्या रांगांमधून पश्चिमेकडील चौद्वारी गर्भगृहाकडे जाते. तेथे दारोदार द्वारपाल उभे आहेत, आणि आत मुख नाही, हात नाहीत, केवळ लिंग आहे. रूपाची रेषा आणि अरूपाची रेषा एकाच खडकात परस्परांना छेदून जातील, अशी योजना त्या अज्ञात स्थपतींनी केली. जो केवळ उत्तरेकडून पाहतो तो शैली, कालखंड आणि शिल्पगुण यांविषयी पुष्कळ बोलू शकेल. जो केवळ पूर्वेकडून येतो तो कदाचित त्या विराट मुखांकडे मान न वळवताही कृतार्थ होऊन परतेल. कलाशिक्षकाचे स्थान या दोन रेषांच्या छेदापाशी आहे, असे मी मानतो. तेथे उभे राहण्यासाठी त्याने भाविक असलेच पाहिजे असे नाही. परंतु भाविकाला काय दिसते, हे जाणण्याची जबाबदारी त्याला टाळता येणार नाही.

आणि ही जाण अभ्यासाने येते. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला बजावतात की नृत्य जाणल्यावाचून चित्र कळणार नाही, आणि नृत्यासाठी वाद्य व गीतही जाणावे लागेल; तेथेच असेही म्हटले आहे की आचार्य रेषेची वाखाणणी करतात, तर इतर लोक रंगाच्या समृद्धीवर लुब्ध होतात. हे चित्रसूत्र इंग्रजीत नेणाऱ्या स्टेला क्रॅमरिश या मोराव्हियात जन्मल्या, व्हिएन्नात शिकल्या, रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात आल्या आणि नंतर १९५० पर्यंत कलकत्ता विद्यापीठात शिकवीत राहिल्या. हिंदू मंदिरावरील त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १९४६ साली निघाला. परकीय कुळात जन्मलेल्या या बाईंनी मंदिराच्या दगडामागचे तत्त्वज्ञान मूळ संस्कृत ग्रंथांतून परिश्रमाने वेचले. अधिकार जन्माने मिळत नसून तपाने मिळतो, याला याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

असे असता आपल्याकडे कलेतिहासाचा विद्यार्थी पुष्कळदा एकही रेषा न काढता पदवीधर होतो, आणि चित्रकलेचा विद्यार्थी एकही शिल्पग्रंथ न उघडता शिक्षक होतो, हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते. ज्या हाताने अघोराच्या भुवईची वक्रता एकदाही गिरवली नाही, त्याच्या लेखणीने तिच्यावर निकाल द्यावा, हे इमानाला धरून नाही. आमच्या महाविद्यालयांच्या चालकांना माझी विनंती आहे की त्यांनी पहिल्याला पेन्सिल आणि दुसऱ्याला ग्रंथ द्यावा, आणि दोघांनाही वर्षातून काही दिवस एखाद्या लेण्यात एकत्र बसवावे.