गाडी मागे घेण्याचा धर्म

दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या जागेत आपली गाडी मागे घेऊन नीट लावणे हा वारकऱ्यांच्या मासिकाचा विषय कसा, असे कोणी विचारील. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून निघणाऱ्या दिंड्यांबरोबर आता सामानाचा ट्रक असतो, पाण्याचा टँकर असतो, आणि ते हाकायला गावचीच पोरे येतात. तेव्हा विषय आमचाच आहे.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे (१९८८) ट्रक किंवा उतारूंची गाडी चालविण्यास वीस वर्षे पुरी लागतात. आधी शिकाऊ परवाना, मग निदान तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा. १९८९ च्या केंद्रीय नियमांतला १५ वा नियम सांगतो की, गाडी उलटी घेऊन डाव्या वा उजव्या हाताच्या बेताच्या जागेत, ताबा न सोडता, पुरेशा अचूकपणे घालता आली पाहिजे. पुष्कळ पोरे इथेच अडतात. वळतात ती पुढची चाके. मागची नुसती ओढीने येतात. म्हणून तोंड आधी खुपसले की शेपूट रस्त्यावर राहते. पुढच्या गाडीच्या बरोबरीने थांबावे, चाक जागेकडे फिरवून मागचे अंग आधी आत घालावे, गाडी तिरपी झाली की चाक उलट फिरवून तोंड आत आणावे. मागचे अंग आत शिरते त्याच वेळी तोंड रस्त्याकडे फाकते, म्हणून नजर दोन्हीकडे हवी. शास्त्रात सिंहावलोकनन्याय प्रसिद्ध आहे. सिंह चालता चालता मान वळवून मागे पाहतो. पण सिंहाला मागे पाहताना पुढचे तोंड सांभाळावे लागत नाही, या पोरांना लागते!

आता पूर्वपक्ष ऐका. पोरे म्हणतात, "महाराज, आपल्या गावात कुठं लागते हे? एवढं वावर मोकळं पडलं, कुठंबी लावा." आणि मग कोणाला चार पैसे देऊन, परीक्षा न देताच परवाना हाती पडला तर बिघडले काय? त्या दिवशी कोणाचे नुकसान झाले नाही. ज्यात कोणाला पीडा नाही ते पाप कसे?

प्रश्न टाकाऊ नाही. पण दिंडीचा मुक्काम डोळ्यांपुढे आणा. दिवसभर चाललेली म्हातारी माणसे पडवी मिळाली नाही की ट्रकच्या आडोशाला पथारी टाकतात. वारा लागत नाही, पाऊस कमी लागतो. पहाटे अंधारात ट्रक काढायचा असतो, आणि पुढे वाट नसली तर मागेच घ्यावा लागतो. बेताच्या जागेत, हळू, दोन्हीकडे पाहत. पोराने जी विद्या विकत टाळली ती नेमकी हीच. मीमांसकांनी आज केलेले कर्म आणि पुढे कधी तरी मिळणारे फळ यांच्यामध्ये अपूर्व म्हणून काही मानले आहे. यज्ञाची परिभाषा ट्रकला लावलेली शास्त्रीमंडळींना रुचणार नाही. पण पैसे देण्याचा दिवस आणि चाक फिरण्याची पहाट यांच्यामध्ये जे दडून बसते त्याला आम्हांला दुसरे नाव सुचत नाही. पीडा त्या दिवशी नव्हती, एवढेच खरे.

दुसरी गोष्ट थोडक्यात. शेगावी माघ वद्य सप्तमीला, श्रीगजाननमहाराजांच्या प्रकटदिनी, केवढी गर्दी लोटते हे सांगायला नको. अशा गर्दीत कोणी गाडी आडवी टाकून दर्शनाला पळतो. "दोन मिनिटांत आलोच, माउली!" सरकारी कायद्याचे १२२ वे कलम रस्त्यात दुसऱ्याला अडथळा होईल अशी गाडी ठेवू देत नाही, देवाच्या घाईची सूट त्यात नाही, आणि आमच्या मते असूही नये. मागून रुग्णाला घेऊन गाडी आली तर ती कुठून जावी? कोणी म्हणेल, आई पांगळी आहे. तर आईला दाराशी उतरवावे, सोबतीला कोणी ठेवावे, गाडी लांब नेऊन लावावी आणि मग आपण यावे. तोवर आरती होऊन गेली तर? होऊन जाऊ द्यावी.

दिंडीप्रमुखांना एक विनंती. मुक्कामाला ट्रक मागे घेताना एक जाणता माणूस विजेरी देऊन उभा करावा. त्याने चाकांखाली आणि ट्रकभोवती फिरून निजलेल्यांना आधी उठवावे, आणि मग ट्रकच्या पाठीशी न थांबता, चालविणाऱ्याला आरशात दिसेल असे बाजूला उभे राहावे. तो दिसेनासा झाला की चालविणाऱ्याने तिथल्या तिथे थांबावे. हे काम भजनाच्या वेळेला आले तरी त्या माणसाला भजनाला बोलावू नये.