न दिसणारा उजेड

“याचा उपयोग काय?” असे शहरात कोणी विचारले की मी हसून विषय बदलतो. गंगापूरच्या शिवारात, बांधावर बसून तात्यांनी विचारले तेव्हा ते जमले नाही. मोटारीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. ती येण्याची वाट पाहत चुलते-पुतणे कपाशीच्या कडेला जागत होतो आणि वेळ जावा म्हणून मी ‘ॲस्ट्रोसॅट’ची हकीकत सांगत होतो.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून हा उपग्रह उडाला आणि सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून आकाशातले क्ष-किरण टिपू लागला. त्याची क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. क्ष-किरण म्हटले की तात्यांना आठवतो तो छातीचा फोटो. “मग ताऱ्यांची हाडं दिसतात का रे?” मी सांगितले, फोटोत किरण आपण सोडतो, इथे ते तिकडून येतात, आपण नुसते झेलायचे. पण झेलणेही सोपे नाही. आरशावर सरळ पडलेला क्ष-किरण परततच नाही, आत जिरतो. कायगावच्या घाटावर आम्ही पोरे गोदावरीत दगड मारीत असू. उभा मारलेला बुडे; चपटा, पाण्याला घासून मारलेला टप्पे घेत जाई. किरणालाही तसेच निसटते घ्यावे लागते. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेले ३२० पातळ आरसे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक बसवले आहेत.

“पावसाचं कळतं का त्यानं?”

“नाही.”

एवढ्यावर थांबायला हवे होते. पण मी ओशाळलो आणि म्हणालो, अशा यंत्रांतून पुढेमागे दवाखान्याच्या कामाचे काही निघते. तात्या म्हणाले, “मग दवाखान्याचंच यंत्र करावं की सरळ!”

गाण्याने छातीला व्यायाम होतो म्हणून गावे, असे सांगणाऱ्या माणसासारखी माझी गत झाली. पैसा तात्यांचाही आहे. आगपेटीवरचा कर तेही भरतात, आणि चैत्रात त्यांच्या विहिरीचा तळ दिसतो. ज्ञानासाठी ज्ञान, हे त्यांच्यासमोर म्हणायला जीभ धजेना. मात्र पोट भरलेल्यालाच कुतूहल असते, असे मी मनात धरून चाललो होतो, आणि त्यांचा खरा अपमान त्यात होता. कारण पुढचा प्रश्न त्यांनीच काढला:

“तो उजेड खाली का येत नाही?”

“वरची हवा गिळते.”

ते बराच वेळ गप्प राहिले. “बरंच आहे. आला असता तर आपण नसतो.”

हे मी कित्येकदा वाचले होते. पण ज्या हवेने आपल्याला जगवले तिनेच हे आकाश आपल्यापासून झाकले, हे मला त्या बांधावर प्रथम जाणवले.

वृषभाच्या शिंगापाशी मी बोट दाखवले. तिथे फुटलेला तारा १०५४ साली चिनी लोकांनी भरदिवसा पाहिला. त्याचा उरलेला गाभा सेकंदाला सुमारे तीस वेळा फिरतो. त्याच्या क्ष-किरणांची कंपनदिशा फेरीगणिक कशी पालटते, हे ॲस्ट्रोसॅटच्या निरीक्षणांतून २०१७ साली प्रसिद्ध झाले. तात्यांनी एक चुटकी वाजवली. “एवढ्यात तीस?” पुन्हा वाजवली.

तेवढ्यात मोटारीच्या खोलीतला दिवा लागला. तात्या उठले, चपला हातात घेतल्या आणि सरीकडे निघता निघता म्हणाले, “थांब, दारं धरून येतो. बाकीचं मग सांग.”