मांजरेचा कारभार

मिरजेहून निघालेली 'जलदूत' ही पाण्याची रेल्वेगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरला पोचली. टाकीच्या दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर पाणी. धनेगावचे मांजरा धरण आटले होते, म्हणून कृष्णेचे पाणी रुळांवरून आणावे लागले. नेमका त्याच दिवशी राष्ट्रीय जलमार्ग कायदा देशात लागू झाला. त्यातल्या १११ जलमार्गांत सत्तरावा क्रमांक मांजरेचा आहे आणि एकविसावा भीमेचा. बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांच्या मुख्य नद्यांचे काही पट्टे अशा रीतीने कायद्याने नौकानयनाचे झाले.

तारीख जुळली हा योगायोग. पण नदी आटलेली असताना ती जलमार्ग म्हणून जाहीर होते, तेव्हा निर्णय घेणारा आणि नदी यांच्यात फार मोठे अंतर पडलेले असते. ते एका दिवसात पडलेले नाही.

बहमनी राजधानी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बिदरला आली, तेव्हा पठारावरच्या शहराला पाणी हवे होते. नौबादचे करेझ, लोकांच्या तोंडी सुरंग बावी, हे त्या काळातले उत्तर. जांभा पावसाचे पाणी पितो, खालचा काळा कातळ ते अडवतो. या दोन थरांच्या सांध्यातून दोन किलोमीटरहून लांब बोगदा बेताच्या उताराने खोदला आणि पाणी आपोआप वाहू लागले. ठरावीक अंतरावर वर उघडणाऱ्या विहिरी हवेसाठी होत्या, तशाच आत उतरून गाळ काढण्यासाठीही. मला यातली दुसरी गोष्ट फार मोलाची वाटते. देखभालीची वाट बांधकामातच ठेवलेली होती, आणि जमीन देईल त्याहून जास्त पाणी ओढण्याची सोयच नव्हती. पुढे या विहिरी कचऱ्याने बुजल्या, वर घरे झाली, भोवती बोअर पडले. अलीकडच्या काळात गाळ काढायला पुन्हा सुरुवात झाली, ही समाधानाची गोष्ट. अर्थात करेझ सुलतानाच्या हुकमाने झाले, रयतेला कोणी विचारले नव्हते. तो काळ परत यावा असे कोणी म्हणणार नाही.

निजामाच्या राज्यातही हुकूमच होता, पण नदी अखंड होती. पाटोद्याच्या डोंगरात उगवणारी मांजरा कंदकुर्तीला गोदावरीला मिळेपर्यंत एकाच राज्यातून वाहायची. नवाब अली नवाज जंग यांनी १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर उभारला, तेव्हा उगमापासून संगमापर्यंत सगळी नदी एकाच खात्याच्या नजरेत होती.

१९५६ साली बिदर जिल्ह्याचेच तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे. सीमाभागातल्या मराठी माणसाने या वाटणीतले भाषेचे दुःख खूप मांडले, आणि ते खरेच होते. पाण्याच्या दुःखाबद्दल मात्र आपण कमी बोललो. त्याच वर्षी संसदेने नद्यांविषयी दोन कायदे केले. एक नदी मंडळांचा, राज्यांनी खोऱ्याचा विचार एकत्र करावा म्हणून. दुसरा आंतरराज्य पाणीतंट्यांचा, भांडण झाले तर लवाद नेमण्यासाठी. पहिल्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. दुसऱ्याखाली १९६९ मध्ये बच्छावत लवाद बसला आणि १९८० मध्ये गोदावरीचा निवाडा आला.

लवादाशिवाय खालच्या राज्याला न्याय मिळाला नसता, हे मान्यच करायला हवे. पण त्या निवाड्याने विचाराला एक वळण दिले. नदी टीएमसीत मोजली जाऊ लागली, आणि वाट्याला आलेला आकडा अडवून दाखवणे हेच खात्याचे काम ठरले. महाराष्ट्राचे धनेगाव, कर्नाटकाचे कारंजा, आंध्रचे, आता तेलंगणात असलेले सिंगूर, प्रत्येकाचे धरण आपापल्या हिशेबाने झाले. कारंजात जमिनी गेलेल्या भालकीकडच्या शेतकऱ्यांना मोबदल्यासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले, ते या कुठल्याच हिशेबात नव्हते. नव्वदीनंतर महाराष्ट्र आणि कर्नाटकात पाटबंधाऱ्यांची महामंडळे आली, कर्नाटक नीरावरी निगम १९९८ चे. त्यांनी बांधकामाला पैसा उभा केला. त्यानंतर पाणीवापर संस्थांचे कायदे झाले. विचार योग्य होता, पण फुटकी वितरिका हातात देऊन शेतकऱ्याकडून पट्टीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

भीमेकडे पाहा. उन्हाळ्यात अफजलपूरचा शेतकरी उजनीतून पाणी सुटण्याची वाट पाहतो, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच नदीच्या पुराने कलबुर्गीची काठावरची गावे बुडाली. गाणगापूरच्या भीमा-अमरजा संगमावर स्नानाला जाणाऱ्या भाविकाला पुढच्या महिन्यात पात्रात किती पाणी असेल, हे दोन राज्यांतले कोणतेही एक कार्यालय सांगू शकत नाही.

दक्षिणेला तुंगभद्रा धरणावर १९५३ पासून संयुक्त मंडळ आहे. भांडणे होतात, तरी पाणी ठरल्याप्रमाणे वाटले जाते. त्याच धरणाच्या एकोणिसाव्या दरवाजाची साखळी १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुटली आणि दरवाजा वाहून गेला. मंडळ असले म्हणजे साखळ्या आपोआप तपासल्या जात नाहीत. म्हणून सुधारणेची सुरुवात मला दुरुस्तीपासून हवी वाटते. वर्षाच्या पाणीपट्टीतला ठरलेला वाटा दरवाजे, कालवे आणि गाळ यांच्यासाठी राखून ठेवावा, आणि तो नव्या कामाकडे वळवता येऊ नये.

मांजरेच्या मंडळासाठी नवा कायदाही लागत नाही. १९५६ चा आहे. एखाद्या राज्याने विनंती केली तर केंद्र मंडळ नेमू शकते. त्याला सल्ल्यापलीकडे अधिकार नाहीत, तरी सुरुवातीला तेवढे पुरेल. बोटींचा विचार नंतर करता येईल. आधी पात्रात बारमाही किती पाणी राहू द्यायचे, हे तिन्ही राज्यांनी मिळून ठरवावे. आणि धनेगाव, कारंजा, सिंगूर, निजामसागर या चार जलाशयांची पातळी दर आठवड्याला एकाच तक्त्यावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत लागावी, खोऱ्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर.