झिऱ्याचा आकडा कुणाचा?

आमच्या वस्तीच्या खाली ओढ्यात एक झिरा आहे. उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवतात, हा थेंबाथेंबानं का होईना चालू राहतो. बायका रात्री दोनला उठून नंबर लावतात. करवंटीनं उपसायचं, हंड्यात ओतायचं. पौषात हंडा बोलता बोलता भरतो, वैशाखात तास खातो. हे माझ्या आयला तोंडपाठ आहे.

मागच्या उन्हाळ्यात कॉलेजची दोन पोरं आली. एक बादली, एक घड्याळ. बादली किती सेकंदात भरते ते मोजून वहीत लिहिलं. झऱ्याचा प्रवाह असाच मोजतात म्हणे. म्हणजे आय चाळीस वर्षं करते तेच! पोरांनी विचारलं, मावशी, मागल्या सालांचं काही आठवतं का? आय गप्प. पोरं गेल्यावर म्हणाली, "पाणी दाखवलं की पाणी जातं, बाबा."

मी सूतगिरणीत रिंग खात्यात. रातपाळीभर हेच डोक्यात फिरत होतं.

आयचं खोटं नाही. आपला नाशिक जिल्हा काळ्या पाषाणाचा. पाऊस भेगाळलेल्या थरातून खाली मुरतो, घट्ट थर लागला की आडवा चालतो आणि उताराला बाहेर पडतो. हाच झरा. वरच्या अंगाला कुणी बोअर मारून तोच थर गाठला की खालचा झिरा आटलाच समजा. आकडा सगळ्यांना सारखा, पण मोटर सगळ्यांकडं कुठाय? मोटरवाल्याला आपला आकडा म्हणजे पाण्याचा पत्ता.

मग लपवावा? इथं माझं मन अडतं. ज्ञान झाकून ठेवणं ही रीत कुणाची? ज्यांनी आपल्या कानावर अक्षर पडू दिलं नाही त्यांची. आणि पाणी तरी एका गावाचं कुठं असतं? चुनखडीच्या मुलखात ते दगड विरघळवून भुयारं करतं, एका खोऱ्यात बुडतं न् दुसऱ्याच खोऱ्यात वर येतं. एकट्या गावाला त्याचा ठाव लागत नाही. म्हणून तर २०२० साली संशोधकांनी जगभरच्या अशा चारशेहून जास्त झऱ्यांच्या नोंदी एकत्र करून खुल्या केल्या.

महाडचं चवदार तळं आठवा. पावसाच्या आणि नैसर्गिक झऱ्यांच्या पाण्यावर ते भरतं, असं खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. जमिनीच्या पोटातून आलेलं पाणी! तरी २० मार्च १९२७ ला आपण ते प्यालो तर आभाळ कोसळलं, आणि कोर्टात दावा ठोकला की तळं खाजगी आहे. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. पाणी सार्वजनिक आहे हे नुसतं खरं असून भागत नाही, ते कागदावर उभं करावं लागतं.

१९९३ च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खणायला बंदी घातली. पण स्रोतच कुठं नोंदलेला नसेल तर ५०० मीटर मोजायचे कुठून? गोदावरी ब्रह्मगिरीतून निघते, तिची कथा पोरासोरांना पाठ. आमच्या झिऱ्याची नोंद तलाठ्याकडं नाही, ग्रामपंचायतीत नाही.

म्हणून माझं म्हणणं, आकडा द्यावा. पण फुकट उचलून नेऊ देऊ नये. भूजल सर्वेक्षणाच्या पुण्याच्या कचेरीत जाईल तोच आकडा आधी आमच्या समाजमंदिराच्या भिंतीवर लागावा, मोजणारीच्या नावासकट. पोरांची पदवी होईल, होऊ द्या. पण आमच्या वस्तीला काय, हे त्यांनी आधी बोलावं.

आयला हे सगळं वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वरचा बोअरवाला दिवसाला किती उपसतो, तो आकडा आणला का पोरांनी?"

नव्हता आणला. त्या बोअरला मीटरच नाही. येत्या ग्रामसभेत तोच आधी मागणार आहोत. तारीख लागली की कळवतो, या.