नाव कुणासाठी ठेवायचं?

2011 च्या ऑक्टोबरात सातारा जिल्हा परिषदेनं दोनशेहून अधिक मुलींचं नव्यानं नामकरण केलं. तोवर त्यांची नावं होती नकुशी, नकुसा. काहींनी नवं नाव स्वतःच निवडलं. त्याआधीची त्यांची सकाळ डोळ्यांपुढे आणा. गुरुजी हजेरी घेतात, ‘नकुशी’ म्हणून पुकारतात आणि ती पोर उभी राहून ‘हजर’ म्हणते. आपण घराला नको होतो, हे तिला रोज चारचौघांत कबूल करावं लागे.

नामकरण झालं ते योग्यच झालं. पण पहिलं नाव ठेवणारे कुणी परके नव्हते. मुलीला नकुशी म्हटलं की पाठीवर मुलगा होतो, ही त्या घरांची समजूत. आता ती तपासू. मूल मुलगा होणार की मुलगी, हे बापाच्या शुक्राणूवर ठरतं, तेही गर्भधारणेच्या क्षणी. थोरल्या बहिणीच्या नावाचा तिथे काय संबंध? ‘आमच्या शेजारी गुण आला’, असं सांगणारे भेटतात. जन्मणाऱ्या मुलांपैकी निम्मे मुलगेच असतात. कुठल्याही नावानंतर निम्म्या घरांत ‘गुण’ येणारच. ज्या घरी नकुशीच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली, त्या घराची गोष्ट कुणी सांगत नाही.

यावर म्हटलं जातं की पूर्वी धोंडू, दगडू, केरू अशी नावं ठेवतच होते, त्यात एवढं काय? फरक मोठा आहे. एकामागून एक मुलं दगावलेली आई पोटच्या पोराला दगड म्हणायची, कारण मृत्यूची नजर त्याच्यावर पडू नये. समजूत खुळी होती, मुलं पुढे वाचली ती लशींनी आणि शुद्ध पाण्यानं. तरी त्या नावात मूल जगावं ही तळमळ होती. नकुशीत मूल नसतंच तर बरं, ही इच्छा आहे. दोन्हींना एकाच मापानं मोजणं हा त्या आयांवर अन्याय आहे.

‘हे खेड्यातल्या अडाणी माणसांचं झालं, आम्ही अर्थ बघून नाव ठेवतो’, असं शहरातला सुशिक्षित वाचक म्हणेल. खरंच अर्थ बघतो का? अनेक घरांत आधी पंचांग उघडतं. जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघतं आणि अर्थ त्या अक्षराच्या दावणीला बांधला जातो. त्या कोष्टकात आर्द्रेच्या एका चरणाला ‘ङ’ आहे, हस्ताच्या एका चरणाला ‘ण’. या अक्षरांनी मराठीत नाव सुरू होत नाही, म्हणून तिथे सोयीचं दुसरं अक्षर घेतात आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. अडचणीच्या वेळी जो नियम बिनदिक्कत बाजूला ठेवता येतो, तो एरवी पाळायचा कशासाठी?

याहून मोठी विसंगती लग्नात दिसते. लेकीच्या बारशाआधी महिनाभर नावांच्या याद्या होतात, आत्या हौसेनं तिच्या कानात नाव सांगते. तीच लेक पंचवीस वर्षांनी सासरी जाते आणि ताटातल्या तांदळांवर अंगठीनं तिचं दुसरंच नाव लिहिलं जातं. ज्या नावानं ती शिकली, नोकरीला लागली, ते नवऱ्याच्या नावाला शोभेसं नाही म्हणून पुसायचं! नाव माणसाचं असेल तर ते बदलण्याचा अधिकार त्या माणसाचाच. ‘हौस असते हो’, असं म्हणतात. हौसच असेल तर जावयाचंही नाव बदलून पाहा. कायदा म्हणाल, तर लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती तो कुणावरच करत नाही.

लग्नाच्या बैठकीत मानपान, आहेर, हॉलचं भाडं सगळं बोललं जातं. मुलीचं नाव आहे तेच राहील, हेही मुलीच्या बापानं तिथेच, सगळ्यांदेखत, यादीत लिहून घ्यावं.