नडगीपासून मेंदूपर्यंत

अमेरिकन फुटबॉलचा चाहता सॉकरच्या खेळाडूला हमखास हसतो: जरा धक्का लागला की हा गवतावर लोळतो. सॉकरवाला उलट विचारतो, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि दर काही सेकंदांनी खेळ थांबलेला, यात कसली मर्दुमकी? हा दोन राष्ट्रांच्या स्वभावांतला वाद आहे असे दोघेही समजतात. मुळात तो एकाच घरातला आहे. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशनचे, म्हणजे आजच्या सॉकरचे, नियम ठरत असताना प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा ठेवावी का, यावर फाटाफूट झाली. ही मुभा गेली तर खेळातले धैर्यच जाईल आणि आठवडाभर सराव केलेले फ्रेंचही आपल्याला हरवतील, असे ब्लॅकहीथ क्लबच्या कॅम्बेल यांचे म्हणणे होते. ते अमान्य झाले आणि क्लब बाहेर पडला. पुढे १८७१ मध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत ब्लॅकहीथ होता, आणि तिनेही नडगीवरची लाथ बंदच केली.

रग्बीच्या या शाखेतून अमेरिकन फुटबॉल घडला आणि तिथेही तेच घडले. १९०५ च्या हंगामात दीड डझनाहून अधिक खेळाडू दगावल्याच्या बातम्या आल्या. कष्टाळू, धाडसी जीवनाचे गोडवे गाणारे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीच हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितले. त्या सुधारणांतूनच १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्याची परवानगी मिळाली. आज हाच फॉरवर्ड पास त्या खेळाची शान आहे. म्हणजे ज्याला एक पिढी कणखरपणा म्हणते, त्यातले बरेचसे पुढची पिढी निमूट टाकून देते.

यावर कुणी म्हणेल, धडकेचा जोर तर खरा आहे, आणि सॉकरमधले खोटे पडणेही खरे आहे. दोन्ही मान्य. पण माणूस कसा वागतो हे बहुतांशी नियम ठरवतात. पडल्यावर पेनल्टी मिळण्याची आशा असेल तिथे खेळाडू पडतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लाथाडणाऱ्या पंटरला संरक्षण देणारा नियम आहे, म्हणून तोही नुसत्या स्पर्शाने नाटकी कोसळतो. उलट १९५६ च्या एफए कप अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन मोडलेल्या मानेने शेवटपर्यंत खेळला. त्याचे धैर्य निर्विवाद, पण बदली खेळाडू घेण्याची सोयच तेव्हा नव्हती. हेल्मेटचेही तसेच: ते कवटी वाचवते, पण आतला मेंदू हादरायचा राहत नाही.

या वादाचा निकाल शेवटी शवविच्छेदनाच्या टेबलावर लागला. २००२ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा माजी खेळाडू माइक वेबस्टर वारला. त्याच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालू यांना वारंवारच्या आघातांची इजा आढळली. त्याच वर्षी इंग्लंडचा माजी सॉकरपटू जेफ ॲसल गेला; चेंडू डोक्याने मारमारून जडलेला व्यावसायिक आजार, असे त्याच्या मृत्यूचे कारण नोंदले गेले. २०१९ मधील ग्लासगोच्या अभ्यासात मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण येण्याचे प्रमाण स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंत इतरांच्या सुमारे साडेतीन पट दिसले. रांगडा खेळ आणि नाजूक खेळ हा भेद मेंदूला कळत नाही. नडगीवरची लाथ गेली तेव्हा धैर्य संपले नव्हते. डोक्यावरचा मार कमी झाल्यानेही ते संपणार नाही.